मोजायला शिकवणाऱ्या बाया: बोर्डी-कोसबाडची गोष्ट

आज बोलायचं आहे लहान मुलांच्या मोजण्याबद्दल. एक, दोन, तीन, चार. विषय ऐकून कुणी म्हणेल, यात कसला आलाय इतिहास? आहे. आणि तो आपल्याच पालघर जिल्ह्यात घडला आहे. विरारहून डहाणूची लोकल पकडायची, डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड, आणि तिथून समुद्राच्या अंगाला गेलं की बोर्डी. त्या गावात दोन बायांनी एक काम सुरू केलं. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्याचं नाव तिथल्या अंगणांतून निघालं आहे.

पण आधी आपल्या घरातलं बोलू. आमच्या वसई-विरारच्या गावांत बचत गटाच्या बैठकीत एक बोलणं हमखास निघतं. अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, नुसता खाऊ आणि खेळ. म्हणून मग गटातून कर्ज काढायचं आणि पोराला फीवाल्या नर्सरीत घालायचं. तीन महिन्यांत पोर घडाघडा वन टू हंड्रेड म्हणतं. पाहुणे आले की म्हणून दाखवतं. आई खूश, आजी खूश. आता त्याच पोराला सांगून बघा, बाळा, टोपलीतून सात कांदे आण. ते दोन्ही हातांत मावतील तेवढे आणतं. कधी पाच, कधी नऊ. त्याला शंभरपर्यंतची नावं येतात, सात किती असतात ते येत नाही.

यात पोराची चूक नाही. आकडे म्हणणं हे गाण्यासारखं असतं, तोंडाला वळण लागतं. मोजणं वेगळं. मोजताना एका वस्तूला एकच नाव द्यावं लागतं, कुठली सुटता कामा नये, कुठली दोनदा मोजता कामा नये. शेवटी जे नाव आलं ते त्या शेवटच्या कांद्याचं नाव नसून सगळ्या ढिगाचं आहे, हे कळावं लागतं. चार वर्षांच्या मुलापुढे पाच बिस्किटं जवळजवळ ठेवा आणि मोजून घ्या. मग त्याच्यासमोरच ती लांब लांब पसरा आणि विचारा, आता किती? बरीच मुलं म्हणतील, आता जास्त झाली. हे समजायला वय लागतं, आणि हाताला खूप वस्तू लागाव्या लागतात. पाठांतरानं ते येत नाही.

मग पाठांतर आलं कुठून? त्यालाही कारण होतं. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर आकडे गिरवायची आणि रोज उजळणी म्हणायची. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज ऐकून हसू येतं, पण तेव्हाचा बाजार तसाच होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयात चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. कुणी पावणेतीन आण्यांनी शेर सांगितला, तर सव्वा शेराचे किती, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता यायला हवं. कागद-पेन्सिल कुणाजवळ होती? म्हणून पाठांतर. ते व्यापारी आणि कारकून तयार करण्याचं शिक्षण होतं, आणि त्या कामापुरतं चोख होतं. १ एप्रिल १९५७ ला देशात नवे पैसे आले, रुपयाचे शंभर पैसे झाले. पावकी-औटकीची गरज त्या दिवसापासून ओसरू लागली. शाळेतली पाठांतराची सवय मात्र राहिली.

आणि ही उजळणी ऐकू कुणाच्या घरातून यायची? सावकाराच्या, वाण्याच्या, भटजींच्या. मुलीच्या कानावर पडली तर ओसरीवरून. आदिवासी पाड्यावर तर नाहीच. त्याचा हिशोब आपल्या जिल्ह्यानं फार महाग चुकवला आहे. डहाणू-उंबरगाव भागात लग्नगडी नावाची रीत होती. गड्यानं लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. फिटले किती, उरले किती, हे लिहिणार जमीनदार आणि मोजणारही जमीनदार. मग ते फिटतील कशाला? मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांची मोठी सभा झाली आणि उठाव सुरू झाला. मागण्या काय होत्या पाहा. वेठबिगार बंद. दिवसाला बारा आणे मजुरी. गवत कापणीला पाचशे रत्तलांमागे अडीच रुपये. ज्यांना कुणी अंक शिकवला नव्हता, त्यांनी आपली लढाई अंकांत मांडली. गोदावरीबाईंनी ही सगळी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षी, डिसेंबर १९४५ मध्ये, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. पण एकाच भागात, एकाच वर्षात, एकीकडे मोठी माणसं मजुरीचा आकडा मागत होती आणि दुसरीकडे कुणीतरी त्यांच्या भागातल्या लेकरांना मोजायला बसवत होतं, हे आम्हाला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

हे कुणीतरी म्हणजे ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या काळात पदवी घेतलेल्या. संसार टिकला नाही, तेव्हा एकट्या बाईनं नोकरी धरली, राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य झाल्या. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, पण लहान मुलांच्या शाळेसाठी त्यांनी वकिली सोडली होती. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. मारिया माँटेसरी या इटलीच्या डॉक्टर बाईंची पद्धत त्यांनी अभ्यासली, वापरली, गुजराती-मराठीत आणली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. तिथं सगळं चांगलं चाललं होतं. शहरातल्या शिकलेल्या घरांतली मुलं येत होती, नाव झालं होतं.

मग त्रेपन्नाव्या वर्षी ही बाई दादर सोडून बोर्डीला आली. कारण साधं होतं. देश खेड्यांत राहतो आणि आपली बालशाळा दादरमध्ये, हे त्यांना पटेना. आमच्यातल्या किती जणी त्रेपन्नाव्या वर्षी नवं काम काढतील? त्या वयात आपल्याला सून घरकाम शिकवते की नाही याची काळजी लागलेली असते. असो.

त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. १९१० चा जन्म, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कुंकू पुसलं गेलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य संपलंच म्हणायचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ मध्ये बोरिवलीच्या एका प्रशिक्षण शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. तिथून बोर्डी. १९९२ मध्ये त्या गेल्या तोवर, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, त्यांनी हा मुलूख सोडला नाही. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मचरित्र गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर मागा.

बोर्डीत त्यांनी बालवाडी उघडली आणि पहिला धडा त्यांनाच मिळाला. मुलं येईनात. गरिबाच्या घरचं चार वर्षांचं पोर रिकामं कुठं असतं? धाकट्या भावंडाला ते सांभाळतं. आई कामावर गेली की घराची राखण करतं. मग बायांनी ठरवलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ. हरिजनवाड्यात जाऊन एखाद्या घरापुढच्या अंगणात बसायचं. मुलांना जमवायचं, नाक-डोळे पुसायचे, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. नाव इतकं सरळ आहे की ते कुणी शोधलं असेल असं वाटतच नाही.

१९५७ च्या सुमारास काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, अशी विकासवाडी उभी राहिली. म्हणजे धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, आणि त्यांना सांभाळणारी थोरली बहीण मोकळी होऊन वर्गात. मुलींच्या गैरहजेरीवर असा इलाज बाईच्याच डोक्यातून निघावा. तरी गुरं राखणारी मुलं उरली. त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं जिथं चरायला जातील तिथं शिक्षक जाणार, गुरं चरतील आणि झाडाखाली शाळा भरेल.

आता मोजणीकडे येऊ, कारण आपला विषय तो. माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब कामगार वस्तीत काढलं होतं. मुलाच्या हाताला आधी वस्तू द्या आणि अंकाचं चिन्ह मागाहून दाखवा, हे त्यांचं सूत्र. त्यासाठी त्यांनी साधनं तयार केली. दहा दांडे, पहिला दहा सेंटिमीटर, दुसरा वीस, असं करत दहावा एक मीटरचा. सोनेरी मण्यांचा संच: सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दहा, दहा कांड्यांची चौकट म्हणजे शंभर, अशा दहा चौकटींचा ठोकळा म्हणजे हजार. हजार हा आकडा मुलाला उचलून वजनदार लागायचा. फार सुंदर कल्पना. पण सुताराकडून घासूनपुसून केलेली ही साधनं महाग. गरिबांच्या वस्तीत सुरू झालेली पद्धत हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत श्रीमंतांच्या मुलांची झाली होती.

ताराबाई आणि अनुताईंनी ती पुन्हा गरिबाच्या दारात आणली. दुकानातली साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि आजूबाजूला जे फुकट पडलेलं असतं ते घेतलं. खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, बांबूच्या काड्या. वारल्याच्या पोराला रानातली शंभर पानं ओळखता येतात, कुठलं झाड कधी फुलतं हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक. मग त्याला मोजायला शिकवताना त्यानं कधी न पाहिलेलं चित्र कशाला दाखवायचं? त्याच्या हातातलीच वस्तू घ्यायची. यात पैशाची बचत होती, आणि मुलाला घरचं ज्ञान घेऊन शाळेत यायची मुभाही होती. आमच्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

यातलं एक साधन घरी कसं करायचं ते सांगतो, कारण ते अगदी सोपं आहे. माँटेसरी शाळेत दहा कप्प्यांची पेटी असते आणि तिच्यात पंचेचाळीस लाकडी चात्या. आपण दहा वाट्या घेऊ आणि पंचेचाळीस चिंचोके. वाट्यांपुढं शून्य ते नऊ असे अंक लिहिलेले कागद ठेवायचे. मुलानं एकच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा, दोनच्या वाटीत दोन, असं नऊपर्यंत. सगळं बरोबर झालं तर नवाची वाटी भरली की हातातले चिंचोके संपतात. कुठं चुकलं तर शेवटी कमी पडतात किंवा उरतात. मग मुलाला आपण काही बोलायचं नाही. त्याचं त्यालाच कळतं, ते पुन्हा मोजायला बसतं. मारणं नाही, ओरडणं नाही. आणि शून्याची वाटी? ती रिकामीच राहते. मूल विचारतं, यात काही नाही टाकायचं? तिथंच त्याला शून्य भेटतं. एक मात्र जपा, तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके देऊ नका. नाकात-तोंडात घालतात. त्यांना लिंबाएवढ्या मोठ्या वस्तू द्या.

बांबूच्या काड्यांचंही तसंच. दहा काड्या करा. पहिली चार बोटं लांब, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट. सातव्या काडीला तिसरी काडी जोडली की ती दहावीएवढी भरते. मुलानं हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की सात आणि तीन दहा हे त्याला पाठ करावं लागत नाही.

आणि सागरगोटे आठवा. आपल्यातल्या शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही येतात. पाच सागरगोटे, एक वर उडवायचा, उरलेले चार खालून उचलायचे. आधी एकेक. मग दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एकदम. चार ही संख्या किती तऱ्हांनी फुटते हे पोरींनी खेळता खेळता हातानं शिकून घेतलं, कुठल्याही पुस्तकाशिवाय. मुलींना गणित जमत नाही असं म्हणणाऱ्याला सागरगोटे खेळायला बसवावं. ठिपक्यांच्या रांगोळीतही तेच. सात ठिपके, सात ओळी, आणि मधला ठिपका बरोबर मध्ये यायला हवा म्हणून विषम संख्याच घ्यायची, हे आपल्याला कुणी गणिताच्या तासाला सांगितलेलं नाही.

शून्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं मागं जाऊ. आपलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खोदला, सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडाही तिथं सापडला. या किनाऱ्यावरचा माल घाट चढून जुन्नरला जायचा तो नाणेघाटातून. त्या घाटात वर एक लेणं आहे, त्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख कोरलेला आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत काय काय दान दिलं याचा तो हिशोब आहे: गायी, घोडे, हत्ती, नाणी, आणि त्यांच्या संख्या. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी ते अंक. पण त्यांत शून्य नाही. दहाला एक वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. आज आपण एकच १ घेतो, शेजारी शून्य ठेवलं की दहा, दोन शून्यं ठेवली की शंभर. ही युक्ती सापडायला त्यानंतर कित्येक शतकं लागली. शून्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्तानं लिहिले ते इसवी सन ६२८ मध्ये. राणीच्या कारभाऱ्यांना, घाटात बसून जकात मोजणाऱ्यांना, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांना जे ठाऊक नव्हतं, ते आपण सहा वर्षांच्या पोराकडून एका आठवड्यात मागतो. दहा लिहिताना त्यानं आधी शून्य आणि मग एक लिहिला तर लगेच पाठीत धपाटा घालू नये. काड्यांच्या जुड्या बांधून द्याव्या. दहा काड्यांची एक जुडी, सुटी एकही नाही, म्हणून एक आणि शून्य. दोन जुड्या, सुट्या पाच, म्हणजे पंचवीस. हे पंधरा दिवस हातानं झालं की मगच पाटी.

पंचवीस म्हटलं आणि मराठीतली एक गंमत आठवली. आपण बोलतो पाच आधी आणि वीस नंतर: पंच-वीस. लिहितो मात्र दोन आधी आणि पाच नंतर. म्हणून मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात. ती मंद नसतात, जसं ऐकलं तसं लिहितात. त्यात एकोणतीस आणखी वेगळा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. म्हणजे तीस कळायच्या आधी एकोणतीस कळायचा! आणि नव्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणत नाही, तिथं नियम पुन्हा बदलतो. कानडीत हे सोपं आहे. इप्पत्तोंदु, म्हणजे सरळ वीस-एक.

यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस या नावाच्या जोडीला वीस एक असंही वाचायला दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. मोठ्या गणिती, आणि मुलांसाठी 'गणितगप्पा'सारखी पुस्तकं लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं होतं की त्रेपन्न, त्र्याऐंशी अशा जोडाक्षरी नावांत मुलं अडखळतात आणि गणितालाच घाबरतात. जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला एक सोपी वाट दिली आहे. पण वर्तमानपत्रांत, टीव्हीवर टीका झाली, विधानसभेत आडनावांची मोडतोड करून विनोद झाले. मराठी मारली असं लोक म्हणाले. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं खरं होतं. बाजारात त्रेपन्न रुपयेच म्हणतात, मुलाला ते कळायलाच हवं. पण मराठी मारली हे काही आम्हाला पटत नाही. आपल्या आज्या कशा मोजायच्या? विसांवर. साठाला तीन विसा. आणि त्रेपन्न म्हणायचे असतील तर दोन विसा नि तेरा. आधी मोठा आकडा, मग लहान. पुस्तकातलं वीस एक ऐकून हसणाऱ्यांनी आपल्याच आजीची मोजणी विसरली होती. शाळेत न गेलेल्या बाईनं दोन हातांच्या आणि दोन पायांच्या बोटांवर उभी केलेली ती मोजणी आहे, आणि ती चोख आहे. तेव्हा पोराला दोन्ही कळू द्या. जुडी बांधताना दोन दहा आणि एक म्हणा, बाजारात एकवीस म्हणा. वर्षभरात त्याचं तेच जुळवून घेतं.

आता आपल्या वसई तालुक्याच्या पूर्वेकडं या. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाड्याकडून कुटुंबं वीटभट्टीवर येतात आणि पावसाळ्यापर्यंत राहतात. येतानाच उचल घेतलेली असते. मजुरी ठरते हजार विटांवर. आठवड्याला खर्ची मिळते, आणि हिशोब शेवटी. किती हजार पाडल्या, किती फुटल्या, उचलीतले किती वळते झाले? लग्नगड्याच्या काळातला प्रश्न इथं पुन्हा उभा राहतो. उसगावच्या विधायक संसदेनं नव्वदीच्या दशकात या भट्ट्यांवर शाळा सुरू केल्या. भट्टीवरच्या मजुराच्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून भोंगाशाळा. भट्टीशेजारीच शाळा, जिथं मूल तिथं शिक्षक. बोर्डीचं अंगण आणि कोसबाडचं कुरण यांच्याच घरातली ही शाळा म्हणायची. आणि भट्टीवरच्या मुलाला हजार म्हणजे काय हे सोनेरी मण्यांनी शिकवायची गरज नाही. दहा विटांची ओळ, दहा ओळींचे शंभर, असे दहा थर. हजार किती असतात ते त्याच्या आईच्या कमरेला ठाऊक असतं. त्याला फक्त ते वहीत उतरवता यायला हवं, म्हणजे मुकादमाच्या वहीशेजारी दुसरी वही असेल.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हे मराठी नाव देशभर गेलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २०२१ पासून सरकारचं निपुण भारत अभियान आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता यावं यासाठी. आपल्या गावच्या अंगणवाडीत ताई मुलांना खडे, पानं, बिया देऊन बसवते, तेव्हा ती खेळवत असते आणि शिकवतही असते. तिच्यावर कामं किती लादलेली असतात हे आपण जाणतो: वजनं घ्या, आहार वाटा, सर्वे करा, मोबाइलवर माहिती भरा. तिच्याकडे साधनं नसतील तर गटानं एक दुपार काढावी. काड्यांच्या जुड्या, चिंचोक्यांची पुरचुंडी, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या. खर्च जवळजवळ काही नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडे. आपल्या भागात मोजायचे खूप शब्द आहेत. अर्नाळ्याच्या मावशी मासळी कोडीनं मोजतात, कोडी म्हणजे वीस. पानवेलीवाले कवळी म्हणतात, केळीला फणी आणि लोंगर आहे, चाराला गंडा म्हणणारी एखादी म्हातारी अजून असेल. तुमच्या पाड्यावर, आळीत, वाडीत असे जे शब्द असतील ते जुन्या बायांना विचारून लिहून ठेवा, कशासाठी वापरतात आणि किती म्हणजे किती तेही लिहा, आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ते वाचून दाखवू.